दोन कोरांवरचा सामना

प्रज्ञाच्या लॅपटॉपवर औषध सुचवणारे वैद्य सौंसरात पैशाला पासरी होते. कोणी म्हणे फॉरमॅट मार, कोणी म्हणे रॅम वाढव. ज्या ऑनलाइन सेंटरवर ती लोकांचे अर्ज भरून द्यायची, तिथला मालक तर चहाचा पहिला घोट घेतला की 'भंगारात दे बाई ते' असं सांगून मोकळा व्हायचा. बारावीला शाळेत पहिली आली तेव्हा सरकारकडून बक्षीस मिळालं होतं, त्यातून घेतलेला हा लॅपटॉप. तेव्हाही दुकानातला सगळ्यांत स्वस्त तोच होता. दोन कोरचा प्रोसेसर, म्हणजे आत राबणारे गडी दोनच. पुढे बाजारात आठ-आठ, बारा-बारा गड्यांचे प्रोसेसर आले, पण प्रज्ञाचे दोघं काही कामावरून गेले नाहीत. धापा टाकत का होईना, चालू होते.

यंदाच्या जानेवारीत त्या दोघांच्या खांद्यावर करुणाचं नशीब येऊन बसलं.

करुणा ही प्रज्ञाची धाकटी बहीण, सौंसरच्या मुलींच्या कबड्डी संघातली चढाईपटू; हा संघ बोरगावच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता. अंगाने काडी, पण रेषेपलीकडे गेली की कोणाच्या हाती लागेल तर शपथ. नागपूरच्या एका अकादमीत मुलींच्या वसतिगृहात एकच जागा उरली होती. राहणं, खाणं, शिक्षण आणि खेळ, सगळं तिथेच. प्रज्ञाने तिथल्या प्रशिक्षक नलिनी मॅडमना करुणाच्या चढायांच्या छान छान क्लिपा पाठवल्या, आणि मॅडमनी त्या एका वाक्यात उडवून लावल्या.

"क्लिपा मला नकोत. अंतिम सामना लाइव्ह दाखवा, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. एक कॅमेरा समोरून, एक बाजूने. मधे खंड पडला तर मी दुसऱ्या मुलीला जागा देऊन टाकीन."

आता एका बाजूचं चित्र मोबाइलवरून कोणीही दाखवेल. पण दोन मोबाइलांची चित्रं एकत्र करून, त्यावर गुणफलक चढवून पुढे पाठवायचं तर मधे लॅपटॉप पाहिजे. सेंटरवरचे संगणक टेबलाला खिळलेले, आणि मालक असा की माऊसदेखील घरी नेऊ द्यायचा नाही. राहता राहिला आपला म्हातारा लॅपटॉप. प्रज्ञाने घरी दोन मोबाइल जोडून पाहिले. काही मिनिटं चित्र बरं चाललं, मग पडद्यावरची करुणा उचललेल्या पायानिशी तशीच थिजली आणि लॅपटॉप तव्यासारखा तापून बंद पडला.

प्रज्ञाने त्याला ओढणीत गुंडाळलं आणि पांढुर्ण्याची बस धरली.

पांढुर्ण्यात रवींद्रभाऊंचं दुकान जुनं. माणूस चांगला, फक्त नवीन मशीन विकायची संधी दिसली की त्याचा आवाज मऊ व्हायचा.

"ताई, तुम्ही याच्याकून लाइव्ह करून राहिल्या?" त्यांनी लॅपटॉप उलटासुलटा केला. "याच्यावर बिलं टाइप करा, गाणे ऐका. नवी विंडोज तर याले घेतच नाही. प्रोसेसरचा जमाना गेला याचा."

"पण भाऊ, पह्यले तर चालत होता. कॉलेजात मी याच्यावर व्हिडिओबी कापले."

"पह्यले मीबी कबड्डी खेळत होतो," रवींद्रभाऊ पोटावर हात ठेवून म्हणाले. "आता म्हणा खेळा म्हणून!"

दुकानातली गिऱ्हाईकं हसली. प्रज्ञालाही हसू आलं, आणि हसता हसता रागही आला. परतीच्या बसमध्ये ती त्या एका वाक्यावर अडून बसली. रवींद्रभाऊंचं पोट सुटलं हे सगळ्यांना दिसतं. प्रोसेसरचं काय सुटलं? तो काही झिजत नाही, त्याचे दात पडत नाहीत. कॉलेजात जितकं काम करत होता तितकंच आजही करायला पाहिजे. कमी करतोय, तर त्याला कोणीतरी अडवतंय. सौंसर येईपर्यंत तिच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं की बसस्टँडवरून ती जवळजवळ पळतच घरी गेली.

घरी गेल्या गेल्या तिने स्क्रू काढले, नखाने कड उचकली आणि मागचं झाकण उघडलं.

आत पंखा दिसेना. पंख्याच्या जागी पांढरी, घट्ट दाबलेली एक वडी होती. प्रज्ञाने चिमट्याने ओढली तशी ती लांबच लांब निघाली. रुई! अस्सल, पिंजलेली, पांढरीशुभ्र रुई. पंख्याच्या पात्यांत रुई, वारा बाहेर पडायच्या जाळीत रुई, तांब्याच्या नळीवर रुई. एवढ्या रुईत एखाद्या बाहुलीची उशी झाली असती.

"आई!" तिने हाक मारली. "आई वं! हे पाह्य इकडं!"

मालती जिनिंगवर कामाला होती. सरकीपासून रुई वेगळी होते तिथे दिवसभर उभं राहायचं, त्यामुळे घरी येताना तिच्या केसांवर, पदरावर, भुवयांवर पांढरा भुरका असायचा. ती हात पुसत आली आणि लॅपटॉपचं पोट उघडं पाहून घाबरली.

"काय झालं वं? फाडला कायले त्याले?"

"आई, तू याच्यासाठी गादी शिवली होती ना?"

शिवली होती. एवढी महागाची वस्तू पोरीच्या हुशारीवर घरात आली, ती नुसत्या फरशीवर ठेवायची? मालतीने तिच्यासाठी बेतशीर गादी शिवली होती, ताज्या रुईची, चांगली फुगीर. वर लाल खोळ, आणि खोळीला हवा लागावी म्हणून कापड मुद्दाम विरळ. इतकी वर्षं लॅपटॉप त्या गादीवर लोळत होता आणि खालच्या भोकांतून श्वासाबरोबर रुई ओढत होता. जो घरात येई तो म्हणे, वा, काय थाट आहे! मालती सुखावायची आणि दर दिवाळीला गादीत नवी रुई भरायची.

"म्या तर म्हटलं, त्याले खालून थंडी लागू नये," मालती म्हणाली. तिचा चेहरा पडला. "मीच मारला का वं त्याले?"

"मारला नाही आई, झोपवला होता!" प्रज्ञाने तिला गच्च मिठीच मारली. इतके दिवस ज्याला सगळे म्हातारपण समजत होते तो नुसता कोंडलेला श्वास निघाला, याचा तिला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं.

मग दोघी मायलेकी कामाला लागल्या. मालतीने जुन्या टूथब्रशने जाळी अशी झाडली की जिनिंगच्या मुकादमाने शाबासकी दिली असती. प्रज्ञाने प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा, पण आता वाळून खडा झालेला लेप खरवडून नवा लावला. विंडोज पुसून तिने फुकट मिळणारं हलकं लिनक्स टाकलं, जे चालू होताना फार नखरे करत नाही. चित्र जरा लहान आकाराचं ठेवलं. चित्र आवळून पुढे पाठवायचं काम दोन गड्यांवर टाकण्याऐवजी प्रोसेसरमध्येच त्यासाठी एक वेगळा कोपरा असतो, त्याच्याकडे दिलं. हा कोपरा इतकी वर्षं रिकामा बसून होता आणि तिला ते आजच कळत होतं! दोन मोबाइल जोडले. करुणाला अंगणात पळायला लावलं. चित्र पळालं. करुणा थांबली, तेव्हाच चित्र थांबलं. लॅपटॉप जेमतेम कोमट.

"चालून राहिला!" प्रज्ञा ओरडली. "ताई, चालून राहिला!" करुणाही ओरडली, आणि अंगणातल्या अंगणात दोघींनी असा धिंगाणा घातला की शेजारच्या कलाबाई विचारायला आल्या, कोणाचं लग्न जमलं म्हणून.

तर लॅपटॉप बरा झाला. पण आपल्याकडे कोणतंही काम शुभेच्छुकांशिवाय होत नाही.

अंतिम सामना बोरगावच्या मैदानावर होता, सौंसर विरुद्ध पांढुर्णा. नव्या जिल्ह्याचा मान पांढुर्ण्याला गेल्यापासून सौंसरवाले मनातून जरा खट्टू होतेच, तेव्हा निदान कबड्डीत तरी उट्टं काढायचं म्हणून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. आयोजन समितीचे अध्यक्ष मधुकरभाऊ. मैदानाला लागून त्यांचं घर, आणि लाइव्हसाठी लागणारं इंटरनेट त्यांच्याच घरचं. कमानीवर त्यांनी जो फ्लेक्स लावला होता त्यात शुभेच्छुकांचे इतके चेहरे होते की कबड्डीच्या चित्राला जागाच उरली नव्हती. तेवढ्याने त्यांचं मन भरलं नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी ते पेन ड्राइव्ह घेऊन प्रज्ञाच्या टेबलापाशी आले.

"हे खालून फिरलं पाहिजे," ते म्हणाले. "पूर्ण टाइम. सगळ्या शुभेच्छुकाईचे फोटो हायेत. माह्या पुतण्यानं बनवलं."

पुतण्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. फोटो सरकत होते, प्रत्येकाभोवती दिवे फिरत होते, वरून फुलं पडत होती आणि मधूनच मधुकरभाऊ हात जोडून मोठे होत होते.

"भाऊ, लॅपटॉपवर लोड येईन," प्रज्ञा म्हणाली. "फोटो एका जागी ठेवू का?"

"एका जागी ठेवाले फ्लेक्स हाये ना. हे फिरलं पाहिजे. नाही तर माह्या वायफायचं बटन मलेबी माहीत हाये." असं हसत म्हणाले खरं, पण करतील याची प्रज्ञाला खात्री होती.

तिने पट्टी लावली. लॅपटॉप कण्हला, पण चालला. समोरच्या बांबूला संघाच्या हर्षल सरांचा मोबाइल बांधला. बाजूच्या कॅमेऱ्यावर बाबा, म्हणजे हिरामण. संत्र्याच्या बागांत फांद्यांना टेकू लावायचा त्यांचा हात, त्यामुळे बांबू असा घट्ट रोवला की वादळात हलू नये. वरचा मोबाइल तेवढा हाताने फिरवायचा होता.

"बाबा, खेळ जिकडं जाईन तिकडं फिरवजा," प्रज्ञाने बजावलं. "समजलं ना?"

"समजलं ना बाई. लहान हाये का मी?"

शिट्टी झाली आणि मैदान उसळलं. नलिनी मॅडम आल्याचं लाइव्हच्या कोपऱ्यात दिसलं तेव्हा प्रज्ञा खुर्ची पुढे ओढून बसली. करुणाने पहिल्याच चढाईत एक गडी टिपला, दुसरीत बोनस आणला. सौंसरचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागले. प्रज्ञाची नजर अर्धी मैदानावर, अर्धी पडद्यावर. दोन गडी इमानदारीने राबत होते. 'शाब्बास रे,' ती लॅपटॉपला म्हणाली, कोणी ऐकत नाही असं पाहून.

उत्तरार्धात मात्र पांढुर्ण्याने डाव उलटवला. त्यांची हिमानी नावाची कोपरारक्षक, उंच आणि शांत, तिने करुणाचा घोटा असा धरला की करुणा जागच्या जागी बसली. बाद! सौंसरचे गुण मागे पडले आणि करुणा रेषेबाहेर जाऊन बसली. जिला दाखवायचं तीच बाहेर!

त्यात पडद्यावर नवंच संकट. मोठ्या चौकटीत सामना चालू होता, पण कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, बाजूच्या कॅमेऱ्यात, खेळ नव्हताच. तिथे नुसती करुणा. बाहेर बसलेली करुणा. हिरामणने मोबाइल पोरीकडे वळवला होता आणि तो तिथून हलवायला तयार नव्हता.

"बाबा! खेळ! खेळ दाखवा!" प्रज्ञा ओरडली, हातवारे केले. लाउडस्पीकरपुढे काय ऐकू जाणार? हिरामण बांबूला बिलगून उभा होता आणि लेकीवरून नजर काढत नव्हता. पोरगी बाद झाली म्हणजे बापासाठी सामना तिथेच गेला होता.

तेवढ्यात चित्र अडखळलं. एक झटका, मग दुसरा. गर्दी उसळली तशी चित्रातली हालचालही वाढली होती, गुणफलक भराभर बदलत होता, आणि त्यात नेमकी मधुकरभाऊंची मोठं व्हायची वेळ आली होती. प्रोसेसरचा आकडा शंभरावर जाऊन चिकटला. मॅडमचा संदेश आला. 'चित्र अडकतंय. असंच राहिलं तर मी बंद करते.'

काहीतरी काढायला हवं होतं. अक्कल सांगत होती, बाजूचा कॅमेरा काढ. तिथे तसंही काही चालू नाही, बाप लेकीचा फोटो काढतोय. पट्टीला हात लावला तर मधुकरभाऊ वायफाय ओढतील आणि मग सगळंच गेलं. तिचं बोट छोट्या चौकटीवर गेलं. पण मॅडमनी दोन बाजू मागितल्या होत्या. शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर त्या चौकटीत करुणा होती, कशीही असली तरी करुणा होती, आणि तिला पुसून फुलं पडणारी पट्टी ठेवायची हे प्रज्ञाच्या हाताला जमेना.

तिने शुभेच्छुक उडवले. सगळेच्या सगळे, एका टिचकीत.

चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. आकडा खाली, अजून खाली. प्रज्ञा खुर्चीतून अर्धी उठली, आणि उठली ते बरंच झालं, कारण गर्दी फोडत मधुकरभाऊ तिच्याकडेच येत होते. कानाला मोबाइल, चेहरा लाल.

"छिंदवाड्याहून फोन येऊन राहिले मले! कुठं गेले फोटो? आं? कोणाले विचारून..."

"भाऊ, दोन मिंटं! हात जोडतो तुम्हाले! करुणाची रेड हाये!"

होतीच. सौंसरच्या पोरींनी मधल्या वेळात दोन पकडी करून करुणाला परत आत आणलं होतं, आणि शेवटची चढाई तिच्या वाट्याला आली होती. तीन गुणांनी मागे. मधुकरभाऊंचा हात लॅपटॉपच्या वायरीपर्यंत आला आणि पडद्यावर करुणा रेषा ओलांडून गेली. हात तिथेच राहिला.

करुणाने डावीकडे हूल दिली, उजव्या पायाने एकीला टिपलं आणि वळली. हिमानी पुन्हा आली, पुन्हा तोच घोटा. करुणा पडली. पडली, पण थांबली नाही. मातीत कोपरं रुतवून, हिमानीला पायाला घेऊन ती ओढत निघाली, बोटभर, अजून बोटभर, आणि मध्यरेषेवर तिची बोटं टेकली.

"गेली! गेली रे पोट्टी गेली!" असं ओरडून मधुकरभाऊंनी प्रज्ञाच्या पाठीत असा धपाटा घातला की ती लॅपटॉपवर आदळता आदळता वाचली. दोन गुण! फोनवर छिंदवाड्याचा माणूस अजून आपला फोटो मागत होता. भाऊंनी फोन खिशात टाकून दिला.

लांब शिट्टी. दोन गुण आले होते, पाहिजे होते तीन. एका गुणाने पांढुर्णा जिंकलं. तिकडे ढोल सुरू झाले, इकडे ट्रॅक्टर गप्प झाले, आणि करुणा मैदानाच्या कडेला गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. लाइव्ह शेवटपर्यंत एकदाही तुटलं नव्हतं. प्रज्ञाला त्याचा आनंद करावा की काय करावं कळेना.

मग तिच्या मोबाइलवर नागपूरचा नंबर आला.

"पुढच्या महिन्याच्या एक तारखेला करुणाला पाठवा," नलिनी मॅडम म्हणाल्या. "जागा तिची."

"मॅडम, पण त्या तर हरल्या," प्रज्ञाच्या तोंडून निघालं. "शेवटची चढाई चांगली झाली ना?"

"शेवटची चढाई मी नीट पाहिलीच नाही, मी तोवर वसतिगृहाला फोन लावत होते. अहो, चांगल्या चढाया मला सगळेच पाठवतात. बाद झालेली मुलगी काय करते ते कोणी पाठवत नाही. एक तर ती तोंड पाडून बसते, नाहीतर पंचांशी भांडते. ही तुमची बहीण बाहेर बसून आतल्या प्रत्येकीला हाताने जागा दाखवत होती. दोन्ही पकडी तिच्या इशाऱ्यावर झाल्या. तो बाजूचा कॅमेरा धरायला कोण होतं?"

"आमचे बाबा," प्रज्ञा म्हणाली.

फोन ठेवून ती धावत सुटली. वायरीत पाय अडकला, चप्पल एक राहिली, तरी धावली. करुणाच्या पुढ्यात मातीत धपकन बसून तिने तिचे दोन्ही खांदे धरून हलवले.

"करुणा, झालं वं! मॅडमनं घेतलं तुले! एक तारखेले नागपूर!"

करुणाने मातीने माखलेला चेहरा वर केला. "खरं? कोणती रेड पाह्यली त्याईनं?"

"रेड नाही पाह्यली. तू बाहेर बसून होती ना, ते पाह्यलं."

करुणाने कपाळावरची माती पुसली. "पण ताई," ती म्हणाली, "तवा तर माह्याकडं कोणीच पाहून नव्हतं राहिलं."

प्रज्ञाने मान वळवून बाजूच्या बांबूकडे पाहिलं, आणि मग तिलाही रडू आवरेना.